मचाणावरचं माणूस

शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत डेल्मर झास्ट्रोने रानाच्या कडेने चौसष्ट पाट्या ठोकल्या. दर पन्नास पावलांवर एक. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं: खाजगी रान. प्रवेशास व शिकारीस सक्त मनाई. त्याखाली, मालक डेल्मर ए. झास्ट्रो, आणि त्याचा अ‍ॅपलटनमधला फोन नंबर. ‘मालक’ हा शब्द घालावा की नाही याचा त्याने विचार केला नव्हता असं नाही. पण ‘मालकिणीचा थोरला मुलगा’ एवढं पाटीवर मावत नव्हतं, आणि मावलं असतं तरी त्याला कोणी घाबरलं नसतं.

वडील मार्चमध्ये गेले. त्यानंतरचा हा पहिलाच मोसम. विस्कॉन्सिनच्या या एकशेवीस एकरांत झास्ट्रोंच्या चार पिढ्यांनी नोव्हेंबरातले नऊ दिवस काढले होते, आणि ते रान पाचवीच्या हाती सोपवायची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे असं डेल्मरचं ठाम मत होतं. ही जबाबदारी त्याला कोणी दिली नव्हती. अशा गोष्टी कोणी देत नसतं, आपण घ्यायच्या असतात, असं त्याने बायकोला समजावलं होतं. बायको या वर्षी बहिणीकडे गेली होती.

हातोडी गाडीत टाकून तो आईच्या स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा बाकीची मंडळी जमलेली होती. धाकटा भाऊ रोलंड आणि त्याची बायको कँडेस मिलवॉकीहून आले होते, बहीण लोरेन ला क्रॉसहून. आई, व्हर्ना, टेबलाच्या टोकाला बसून सफरचंदं सोलत होती. डेल्मरने बूट न काढताच फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हे बघा. बाबांच्या मचाणासमोर मी सप्टेंबरात कॅमेरा बांधला. नऊ फोटो आलेत. ऑक्टोबरची चार तारीख, अकरा तारीख, मग हा परवाचा.”

रोलंडने चष्मा कपाळावर चढवला. “यात माणूस कुठंय? ही नुसती टोपी आहे.”

“टोपी आपली आपण चढते का मचाणावर?”

“मला तर दोघं वाटतात,” कँडेस म्हणाली. ती घरं-जमिनी विकायचं काम करायची, आणि कुठल्याही जागेला गर्दी झालेली तिला आवडायची. “इथे बूट वेगळे आहेत.”

“दोघं असोत नाहीतर चौघं, शेजारच्या राज्यातले आहेत, इलिनॉयचे,” डेल्मर म्हणाला.

“कशावरून?” लोरेनने विचारलं.

“बसलाय बघ कसा. ऐसपैस. बापाची जागा असल्यासारखा.”

“आपल्या बापाचीच आहे ती.”

“तेच म्हणतोय मी.”

व्हर्नाने हात पुसले, फोन जवळ ओढला आणि एकेक फोटो सावकाश पाहिला. एका फोटोवर ती जरा जास्तच थांबली. मग फोन परत सरकवत म्हणाली, “कॉफी कोणाकोणाला?”

“आई, तुझ्या रानात कोणीतरी परका बंदूक घेऊन बसतोय, आणि तू कॉफी विचारतेस?”

“चहा नाहीये घरात,” व्हर्ना म्हणाली.

*

जेवणानंतर ताटं विसळताना लोरेनच्या लक्षात आलं की घुसखोर हा या गोष्टीतला सगळ्यात छोटा भाग आहे.

डेल्मरने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. झास्ट्रो कुटुंबाची एक कंपनी करायची आणि सगळं रान कंपनीच्या नावावर चढवायचं. भागीदार तिघं भावंडं. तहहयात व्यवस्थापक डेल्मर. आईने फक्त शेवटच्या पानावर सही करायची.

“हे घुसखोरांसाठीच आहे,” तो समजावत होता. “उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला उभं करायचं का? वकील म्हणाला, कंपनी असली की वजन पडतं.”

कँडेसने मान हलवली. उन्हाळ्यात हीच कँडेस दक्षिणेकडचे चाळीस एकर शिकागोच्या एका दंतवैद्याला विकून टाकावेत म्हणत होती, आणि डेल्मर तिला घर फोडणारी म्हणत होता. आज मात्र जेवताना दोघं एका बाजूला बसून एकमेकांना मीठ देत होते. लोरेनला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. व्यवस्थापकाने चाळीस एकरांबद्दल काहीतरी कबूल केलं असणार. रोलंड शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा, हे लहानपणापासून ठरलेलं.

लोरेनने तोंड उघडलं असतं. पण तिचंही कुठेतरी पाणी मुरत होतं. जुलैचे दोन आठवडे हे घर तिला आणि तिच्या मैत्रिणींना हवं असायचं, आणि डेल्मरने मघाशीच जिन्याखाली गाठून हळूच सांगितलं होतं, “जुलै तुझा. लेखी देतो.” त्यामुळे ती ताटं विसळत राहिली आणि स्वतःवर जराशी चिडली.

आई शेजारी येऊन उभी राहिली. लोरेनने पाण्याचा आवाज मोठा केला.

“आई, त्या फोटोतलं माणूस तू ओळखतेस ना?”

“फोटो किती धूसर होता.”

“मी फोटोचं विचारत नाहीये.”

व्हर्नाने एक बशी उजेडात धरून पाहिली. “बाबा गेल्यापासून इथला बर्फ कोण काढतं, हे तुम्ही तिघांनी एकदा तरी विचारलंत?”

तिला वाटलं होतं कोणी पगारी माणूस असेल. मग तिला वाटलं, डेल्मरला आत्ता जाऊन सांगावं. मग तिला डेल्मरचा तो ‘जुलै तुझा’ म्हणतानाचा चेहरा आठवला, आणि चौसष्ट पाट्या ठोकणाऱ्या माणसाला उद्याची सकाळ स्वतःच पाहू द्यावी असं तिने ठरवलं.

“सही करणार आहेस?” तिने तेवढं विचारलं.

“वाचून बघते,” व्हर्ना म्हणाली. “पाठीमागची बाजू कोरी आहे. कागद चांगला वापरलाय.”

*

सकाळी उजाडता उजाडता दोघे भाऊ बंदुका घेऊन निघाले. रोलंडला खरं तर स्वतःच्या जागी जाऊन बसायचं होतं, पण डेल्मरने त्याला साक्षीदार म्हणून घेतलं. रानात पातळ बर्फ होता आणि पावलांचा करकर आवाज येत होता. डेल्मर दर पाटीपाशी थांबून ती सरळ आहे ना बघायचा.

“तू बोलायचं नाहीस,” तो रोलंडला म्हणाला. “मी बोलेन. तू त्याच्या मागून जा.”

“मचाण ओकच्या झाडाला टेकलंय. मागून कसा जाऊ?”

“मग बाजूने जा.”

मचाणावर टोपी होती. नारिंगी जाकीट होतं. मांडीवर रायफल होती आणि शेजारी थर्मास. डेल्मर वीस पावलांवर थांबला, छाती भरून श्वास घेतला आणि रात्रभर घोकलेलं वाक्य फेकलं.

“ए! खाली उतर. हे खाजगी रान आहे. मी मालक बोलतोय.”

वरचं माणूस हललं नाही. नुसती मान वळली. टोपीखाली पांढरे केस होते, आणि जाड चष्मा.

“डेल्मर,” वरून आवाज आला, “ओरडू नकोस. खाली बस.”

आणि डेल्मर बसला. एक पडलेलं खोड होतं, त्यावर बसला. रोलंडने नंतर कितीतरी जणांना हे सांगितलं आणि प्रत्येक वेळी त्याला हसू आवरलं नाही, पण त्या क्षणी तोही भावाच्या शेजारी बसला होता, गुडघे जुळवून. आठ वर्षं रोज सकाळी सव्वासात वाजता हाच आवाज त्यांनी पिवळ्या बसमध्ये ऐकला होता. बर्निस बेंबेनेक. शाळेची बस चालवायची. तिच्या बसमध्ये उभं राहिलेलं पोर तिने रस्त्यात उतरवल्याच्या कथा अख्ख्या तालुक्यात होत्या, आणि त्यातली एक डेल्मरची होती.

“मिसेस बेंबेनेक,” डेल्मर म्हणाला. ‘ए’ कुठल्या कुठे गेला होता. “तुम्ही... तुम्ही इथे काय करताय?”

“तू काय करतोयस ते आधी सांग. मोसम उघडून दहा मिनिटं झालीत आणि तू पायघड्यांवरून आल्यासारखा चालत आलास. हरणं काय बहिरी आहेत?”

“पण ही जागा खाजगी आहे. पाट्या पाहिल्या नाहीत का?”

“पाहिल्या. एकीवर माझं जाकीट अडकलं.”

“मग उतरा. नाहीतर मला शेरीफच्या माणसांना बोलवावं लागेल.”

“बोलव. पण हळू बोल.”

डेल्मरने फोन लावला आणि खरोखरच हळू बोलायला लागला. पलीकडच्या बाईला काही ऐकू येईना. “बंदूकधारी घुसखोर,” तो तोंडावर हात धरून कुजबुजत होता, “झास्ट्रोंचं रान. होय, सशस्त्र. नाही, खाली यायला तयार नाही.” नेमक्या त्याच वेळी समोरच्या उतारावर बर्चच्या झाडांमधून एक नर बाहेर आला, थांबला, आणि बर्निसने सावकाश रायफल उचलली. गोळी सुटली. हरीण एकदा उसळलं आणि उताराखाली दलदलीच्या दिशेने दिसेनासं झालं.

फोनवरच्या बाईने तो आवाज ऐकला. काउंटीच्या त्या टोकाला पोलीस यायला एरवी तास-दीड तास लागतो. त्या दिवशी ते बारा मिनिटांत आले, भोंगा वाजवत, आणि झास्ट्रोंच्या एकशेवीस एकरांतलं झाडून सगळी हरणं शेजारच्या रानात पळून गेली.

*

व्हर्नाने सफरचंदाचा जर्मन केक, कूखन, भट्टीतून काढला तेव्हा अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. आधी शेरीफचा डेप्युटी आत आला, हॅलवर्सन नावाचा तरुण. त्याने पायपुसण्यावर बूट नीट घासले हे तिने पाहिलं. त्याच्यामागे बर्निस, मग रोलंड, मग डेल्मर. डेल्मरने दार धाडकन उघडलं आणि तसंच उघडं टाकलं.

बर्निस नेहमीच्या खुर्चीत बसली. ती तिची खुर्ची आहे हे मुलांना माहीत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात व्हर्नाच्या नवऱ्याला, ऑगस्टला, अंथरुणातून उठता येत नव्हतं तेव्हा ती रोज सकाळी त्याच खुर्चीत बसायची, त्याला रानातल्या बातम्या सांगायची. कुठे माग दिसला, कुठे ओक पडला. ती पूर्वी शिकार करायची ते रान कोणा बाहेरच्याने विकत घेऊन बंद केलं होतं. ऑगस्टच म्हणाला होता, माझ्या मचाणावर बस, मी काही आता चढत नाही. मुलं त्या हिवाळ्यात फोन करायची. फोनवर आधी तब्येतीचं विचारायची आणि मग रानाचं. व्हर्नाने ते मनाला लावून घेतलं नव्हतं असं ती स्वतःला सांगायची.

“मिसेस झास्ट्रो,” डेप्युटीने वही उघडली, “नोंदीप्रमाणे रान तुमच्या एकटीच्या नावावर आहे. पाट्यांवर मात्र दुसरंच नाव आहे.”

“ते मीही वाचलं,” व्हर्ना म्हणाली.

“या बाईंना तुमची परवानगी आहे?”

“आहे. लेखी आहे. बर्निस, दाखव गं त्याला.”

बर्निसने जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. डेप्युटीने वाचला, परत दिला.

“मग प्रश्न मिटला. फक्त गोळी झाडल्याची तक्रार आहे, म्हणून त्या वेळी रानात हत्यार घेऊन कोण कोण होतं ते मला लिहावं लागेल.” त्याने पेनाने दोघा भावांकडे दाखवलं. “यांना तुमची परवानगी आहे ना?”

तो अगदी सहज विचारत होता. वहीत रकाना होता म्हणून. पण व्हर्ना उत्तर द्यायच्या घाईत नव्हती. तिने सुरी घेतली आणि कूखनचा पहिला तुकडा कापला.

“मला कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली.

“आई,” डेल्मर म्हणाला, “मी तुझा मुलगा आहे.”

“मुलगा आहेस हे मी लिहून देते. रानाचं तू मला कधी विचारलंस? पाट्या लावल्यास, कॅमेरा बांधलास, कंपनी काढलीस. विचारलंस कोणाला?”

“हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय.”

“मग मला सांगायला हवं होतं. मी इथेच असते.”

कँडेस जिन्यात थबकली होती. लोरेन खिडकीशी पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. डेप्युटी आपलं पेन फार बारकाईने पाहत होता.

सगळ्यात आधी रोलंड फुटला. “आई, मी शिकार करू का?”

“कर. दक्षिणेकडे. आणि ती बाजू विकायची असेल तर आधी मला विकायला लागेल.” व्हर्नाने डेल्मरच्या कंपनीच्या गठ्ठ्यातलं पहिलं पान काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: रोलंड झास्ट्रो, रविवारपर्यंत. सही केली. कँडेसने जिन्यातूनच विचारलं की हे नऊ दिवसांसाठी करता येईल का. लोरेन वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, “आई, मला जुलैचं हवंय. मी डेल्मरकडून घेणार होते. चुकलं माझं.” तिलाही एक पान मिळालं. तहहयात व्यवस्थापकाच्या कलमाच्या मागचं.

डेल्मर उभाच होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याने आईकडे पाहिलं, मग त्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे, आणि बाहेर निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पण ती हलली नाही.

“जाईल का?” बर्निसने विचारलं.

“बापासारखा आहे,” व्हर्ना म्हणाली. “थंडी वाजायला लागली की येईल.”

तिने हे हसत म्हटलं, पण सुरी ठेवून दाराकडे पाहिलं. पोराला परक्या माणसासमोर उघडं पाडलं. ते करायला हवं होतं, आणि ते तिला आवडलं नव्हतं. दोन्ही खरं होतं.

*

डेल्मर गाडीत अर्धा तास बसला. आधी त्याने मनातल्या मनात सगळ्यांना चार गोष्टी सुनावल्या. मग वकिलाला फोन करायचं ठरवलं आणि केला नाही. बारा वर्षांचा असताना त्या मचाणाच्या पायऱ्या त्याने स्वतः ठोकल्या होत्या, वडील खालून खिळे देत होते. हे त्याला आत सगळ्यांसमोर सांगायचं होतं. त्याऐवजी तोंडातून कंपनी निघाली.

डेप्युटी गाडी घेऊन निघून गेला. जाताना त्याने हात केला. डेल्मरनेही केला.

शेवटी तो उतरला आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी आला. दाराला हात लावून थांबला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने ते वाजवलं.

“कोण आहे?” आतून आईने विचारलं. खिडकीतून तो तिला स्वच्छ दिसत होता.

“डेल्मर.”

“काय हवंय?”

“रानात जायचंय,” तो म्हणाला. मग घसा साफ केला. “जाऊ का?”

दार उघडलं. व्हर्नाने त्याला नखशिखांत पाहिलं. बोलली तेव्हा आवाज मऊ होता. “जा. पण बंदूक राहू दे. बर्निसचं हरीण दलदलीत पडलंय, तिला एकटीला ओढवणार नाही. दोर पडवीत आहे.”

तो नर चांगला पोसलेला होता. डेल्मरने शिंगांना दोर बांधला आणि ओढायला सुरुवात केली. दलदलीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. बर्निस मागून चालत होती, आपली रायफल खांद्याला लावून, आणि सूचना देत होती. “डावीकडून घे. मुळं आहेत. पाठ वाकवू नकोस, गुडघे वाकव.” तो गुडघे वाकवत होता.

उताराच्या निम्म्यावर तो दम खायला थांबला. मचाण वर दिसत होतं.

“बाबांनी तुम्हाला स्वतः सांगितलं?” त्याने विचारलं. “बसायला?”

“सांगितलं. तो सहा वर्षं रायफल भरत नव्हता, हे माहितीये तुला?”

“काय सांगताय. गेल्या वर्षी मी फोन केला तेव्हा म्हणाले, थोडक्यात हुकला.”

“त्याला दिसतच नव्हतं रे. पाच पावलांपलीकडे धुकं. नुसता बसायचा. ऐकायचा. मग डुलकी काढायचा.” तिने चष्मा पुसला. “तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टर गाठला असतास, दुर्बीण आणली असतीस, कॅमेरे बांधले असतेस. त्याला बसू दिलं नसतंस.”

डेल्मरला म्हणायचं होतं की असं काही नसतं केलं. त्याने दोराचा पीळ पाहिला. वडील त्या फळीवर बसून काय ऐकत असतील याचा त्याने पहिल्यांदाच विचार केला. खाली त्याचा स्वतःचाच आवाज असणार बऱ्याचदा.

हरीण अंगणात पोचेपर्यंत दुपार झाली. हातांना फोड आले होते. पडवीच्या तुळईला त्याने ते टांगलं, दोर घट्ट केला. बर्निस त्याला नको म्हणाली नाही, आणि तिने आभारही मानले नाहीत.

“मिसेस बेंबेनेक,” तो म्हणाला. “उद्या मी मचाणावर बसलो तर चालेल का? थोडा वेळच. बंदूक नाही आणत.”

बर्निसने विचार केला. तिने खरोखरच विचार केला, उगाच मोठेपणा म्हणून नाही.

“सकाळी मी असते,” ती म्हणाली. “दुपारी दोननंतर ये. तिथे दार नाही वाजवायला, तेव्हा खालून जरा खोक.”